पावणेसातशे डॉलरचा अल्बम

मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘ग्रीन डे’ हा अमेरिकन बँड भारतात पहिल्यांदाच वाजला. समोर अफाट गर्दी होती. या बँडचा पहिला अल्बम केवळ ६७५ डॉलरमध्ये झाला होता, आणि तेव्हा गायक बिली जो आर्मस्ट्राँग सतरा वर्षांचा होता.

ही मंडळी वाजवतात तो पॉप पंक. पंकचा वेग आणि त्यावर सहज गुणगुणता येईल अशी गोड चाल. गिटारवर बहुतेक वेळा फक्त ‘सा’ आणि ‘प’ एकत्र छेडायचे, गंधार गाळायचा. बोटांची ठेवण तीच राहते, हात तेवढा वर-खाली सरकतो. त्यामुळे नवशिक्यालाही काही आठवड्यांत गाणं बसवता येतं. १९७६ मध्ये ‘रमोन्स’ या बँडने पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी एकोणतीस मिनिटांत उरकली आणि ही वाट मोकळी केली.

बिली जो कॅलिफोर्नियातल्या रोडिओ या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या गावचा. वडील ट्रक चालवायचे. तो दहा वर्षांचा असताना ते कर्करोगाने गेले. आई हॉटेलात वेट्रेस होती. शाळासोबती माइक डर्न्टबरोबर त्याने बँड काढला, पण वाजवायचं कुठे? बर्कलीत ९२४, गिलमन स्ट्रीटवर स्वयंसेवकांनी चालवलेला एक हॉल होता. दारूला बंदी, त्यामुळे अल्पवयीन मुलांनाही दार उघडं. या बँडला खरं घडवलं ते त्या हॉलने, असं माझं ठाम मत आहे.

‘लुकआउट’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या लॅरी लिव्हरमोरने त्यांना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा श्रोते जेमतेम पाच होते. तरीही पोरं जीव ओतून वाजवत होती. त्याने त्यांची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आर्ट ऑफ इअर्स’ स्टुडिओत पोरं शिरली आणि नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दहा गाणी घेऊन बाहेर पडली. स्टुडिओचं भाडं तासावर चढतं; गाणी आधीच घोटलेली असली की खर्च आपोआप आटोक्यात राहतो. हा पहिला अल्बम, ‘३९/स्मूद’, एप्रिल १९९० मध्ये बाजारात आला. आवाज जरा खरखरीत आहे, पण चाली पक्क्या.

बीड तालुक्यात, भालचंद्र गणपतीच्या लिंबागणेशमध्ये चार पोरांनी आज असा अल्बम करायचं ठरवलं, तर यंत्रांची अडचण फारशी नाही. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एखादा बरा माइक एवढ्यावर रेकॉर्डिंग होतं. गाणी घरबसल्या जगभर पोहोचवता येतात. खरी गरज आहे ती दर आठवड्याला चुकतमाकत वाजवायच्या हक्काच्या जागेची. आपल्याकडे भजनी मंडळांना मंदिराचा सभामंडप मिळतो, आणि लहान पोरं मोठ्यांच्या मागे बसून टाळ धरायला शिकतात. गिटार घेतलेल्या पोरांना तशी जागा ग्रामपंचायतीच्या सभागृहात का मिळू नये?

आणि रेकॉर्ड कंपनीशी करायच्या कराराची कागदपत्रं सुरुवातीपासून चोख हवीत. १९९४ च्या ‘डूकी’ या अल्बमने ग्रीन डे जगभर गाजला, तरी जुन्या रेकॉर्ड ‘लुकआउट’कडेच होत्या. पुढे रॉयल्टी थकत गेली, तेव्हा २००५ मध्ये बँडने त्या कंपनीकडून काढून घेतल्या. त्यात हा पावणेसातशे डॉलरचा अल्बमही होता.