हुबळी जंक्शन : इथे सूर गाडी बदलतात!

जगातला सगळ्यात लांब रेल्वे प्लॅटफॉर्म कुठे आहे, माहीत आहे का? न्यूयॉर्क? छे! टोकियो? अहं! आमच्या हुबळीत! लांबी १५०७ मीटर, मार्च २०२३ मध्ये उद्घाटन, गिनीज बुकात नोंद. एका टोकाला चहा घेऊन चालायला लागा, दुसरं टोक यायच्या आत कप रिकामा.

पण आम्हा गाणंवेड्यांच्या लेखी या स्टेशनचा रेकॉर्ड वेगळाच आहे. इथून एक रूळ जातो गदगला, म्हणजे भीमसेन जोशींच्या गावाला. दुसरा बंगळूरच्या वाटेवर कुंदगोळला, म्हणजे सवाई गंधर्वांकडे. तिसरा धारवाडला, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या दारात. आणि मधोमध, खुद्द हुबळीत, गंगूबाई हनगल! रेल्वेचे ट्रॅक आणि रेकॉर्डचे ट्रॅक एकमेकांत एवढे गुंतलेलं दुसरं जंक्शन कुणी दाखवावंच.

मी जुन्या हुबळीचा. ज्या सिद्धारूढ स्वामींचं नाव आता स्टेशनला दिलंय, त्यांचा मठ आमच्याच भागात. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी, आणि रेडिओ लागला की सगळ्यांची भाषा एकच. आमचे अप्पा सकाळी सकाळी रेडिओचा कान पिळायचे. काचेमागचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, खरखर व्हायची आणि मग धारवाड केंद्राचा तानपुरा लागायचा. आई स्वयंपाकघरातून सांगायची, ‘अहो, जरा मोठा करा.’ ८ जानेवारी १९५० ला सुरू झालेलं हे केंद्र. त्याचे संगीत सल्लागार कोण होते, माहीत आहे का? साक्षात मन्सूरअण्णा!

आता एक कोडं. जन्म धारवाडचा, आयुष्य हुबळीत, आडनाव हनगल, आणि रेकॉर्डवर नाव ‘गांधारी’. कोण? गंगूबाईच! हनगल हे कुटुंबाचं मूळ गाव. आणि ग्रामोफोन कंपनीने १९३० च्या दशकात त्यांना लोकांपुढे आणलं ते ‘गांधारी’ या झकास नावाने. त्या काळात त्यांनी मराठी भावगीतंही गायली बरं का!

त्या रेकॉर्ड ऐकल्या आहेत? नसतील तर तुमच्यासाठी शॉक तयार आहे. आवाज बारीक, उंच, चक्क नाजूक! आमच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. सुयांची ती चिमुकली पत्र्याची डबी, दर बाजूला नवी सुई, दर गाण्याला हँडल. शेजारच्या काकांनी एकदा गांधारीबाईंची एक जुनी रेकॉर्ड आणून लावली आणि घरात वाद पेटला. अक्का म्हणाली, ‘ह्या आपल्या गंगूबाई? शक्यच नाही!’ कारण रेडिओवरच्या गंगूबाई म्हणजे खर्जातला भरदार, रुंद, जवळजवळ पुरुषी स्वर. घशाचं दुखणं झालं, टॉन्सिलवर उपचार झाले आणि आवाज कायमचा खाली उतरला. दुसरं कुणी गाणं सोडून दिलं असतं. या बाईंनी त्याच आवाजावर सगळी कारकीर्द उभी केली. माझ्या मते हिंदुस्थानी संगीतातली ही सगळ्यात धाडसी गोष्ट आहे, आणि मी ती भेटेल त्याला सांगतो.

१९२४ च्या बेळगाव काँग्रेसचं अध्यक्षपद गांधीजींकडे होतं. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये एक होती गंगू. वय वर्षं अकरा!

आणि रियाझासाठी चक्क रेल्वे! गंगूबाई हुबळीहून गाडीने कुंदगोळला जायच्या, सवाई गंधर्वांकडे शिकायला. शिकून पुन्हा गाडीने परत. गायला बसणाऱ्या बाईला लोक काय काय बोलायचे त्या काळात! बाई डब्यात चढायच्या, उतरायच्या, शिकायच्या. गुरूंनी शिकवलेलं एक सूत्र त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या : कंजूष माणूस पैसा मोजून खर्च करतो, तसा स्वर खर्च करायचा. त्यांचा एखादा विलंबित ख्याल लावा आणि ऐका, पंचमावर जायची घाई दिसते का कुठे?

१९७१ ला पद्मभूषण, २००२ ला पद्मविभूषण, आणि २००६ मध्ये नव्वदी ओलांडून पुन्हा मैफल! २१ जुलै २००९ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी त्या गेल्या. जाताना डोळे दान करून गेल्या.

थांबा, पुढचं स्टेशन कुंदगोळ! सवाई गंधर्वांचं खरं नाव माहीत आहे का? रामभाऊ कुंदगोळकर. माणूस कानडी मुलखातला, पण गाजला मराठी रंगभूमीवर, तोही स्त्री-भूमिकांमध्ये! त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात खाँसाहेबांचा राबता होता. वाडा अजून आहे, सवाईंच्या स्मरणार्थ दर वर्षी तिथे गाणंही होतं. स्टेडियम नाही, मोठा पडदा नाही. दगडी वाड्यात मांडी घालून बसायचं आणि हातभर अंतरावरून तानपुरा ऐकायचा. पुण्याच्या ‘सवाई गंधर्व’ महोत्सवाचं तिकीट काढणाऱ्या किती जणांना हे गाव नकाशावर दाखवता येईल?

या सगळ्या गुरू-शिष्यांचं घराणं कोणतं? किराणा! नाही हो, वाण्याचा नाही. हे घराणं ज्या कैरानाचं, तो आहे उत्तर प्रदेशात. आणि धारवाडी पेढा? तो बनवणारं ठाकूर कुटुंबही उत्तर प्रदेशातल्या उन्नावचं! म्हणजे धारवाडच्या दोन गोड गोष्टी एकाच मुलखातून आल्या आणि इथल्याच होऊन बसल्या.

भीमसेन एक्स्प्रेस! १९३३. गदगचा अकरा वर्षांचा मुलगा अब्दुल करीम खाँची झिंझोटी रेकॉर्डवर ऐकतो आणि गुरू शोधायला घर सोडून पळतो. खिशात पैसे नाहीत. विनातिकीट प्रवास, आणि टी.सी.ने पकडलं की गाणं! ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली करत गाडी पोहोचली जालंधरला. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी काय सल्ला दिला असेल? घरी परत जा, तुझ्या गावाजवळच सवाई गंधर्व आहेत! सगळा हिंदुस्थान पालथा घातला आणि गुरू निघाले हुबळीच्या पुढच्या काही स्टेशनांवर. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हापासून कुंदगोळचा फलक दिसला की खिडकीत सरसावून बसतो.

भीमसेन जोशी कधी हरले होते का? हो, पण फक्त सिनेमात! ‘बसंत बहार’ (१९५६) मधल्या जुगलबंदीत नायकाचा आवाज मन्ना डे यांचा, म्हणून जिंकायचं त्यांनी. समोर भीमसेन आहेत म्हटल्यावर मन्नादांना इतका घाम फुटला की ते मुंबई सोडून पळायच्या बेतात होते. पत्नीने थांबवलं आणि आपल्याला ते गाणं मिळालं.

१५ ऑगस्ट १९८८, दूरदर्शन, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’. पहिला आवाज कुणाचा? गदगच्या पंडितजींचाच. राग भैरवी. आणि हो, हाच माणूस मैफलींसाठी गावोगाव स्वतः गाडी हाकत जायचा, तीही सुसाट. तान द्रुत, स्पीडही द्रुत!

मराठी अभंग महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचवणारा हा आवाज कन्नड घरातला होता. आणि कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे? धारवाडच्या मराठी घरातले! त्यांना ज्ञानपीठ मिळालं ते ‘नाकु तंती’साठी, म्हणजे चार तारांसाठी. भाषेच्या नावाने भांडणाऱ्यांना मी ही दोन नावं ऐकवतो आणि पुढे जातो.

आता गाडी धारवाडला. मल्लिकार्जुन मन्सूर : जन्म ३१ डिसेंबर १९१०, धारवाडजवळच्या मन्सूर गावी. पहिली तालीम मिरजेच्या नीळकंठबुवांकडे, ग्वाल्हेर घराण्याची. मग जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ भेटले, पण १९३७ मध्ये ते अकाली गेले. मग धाकटे भाऊ भुर्जी खाँ पुढे शिकवायला बसले. त्या तालमीतून काय खजिना निघाला! शिवमत भैरव, बहादुरी तोडी, खट, एक निषाद बिहागडा. इतर गायकांकडे वर्षानुवर्षं न सापडणारे राग मन्सूरअण्णा सकाळच्या मैफलीत सहज मांडायचे. एका श्वासात आलाप, तान आणि बोल असे गुंफायचे की टाळी कुठे द्यायची ते कळेपर्यंत सम येऊन गेलेली असे. मला कुणी एकच गायक निवडायला सांगितलं तर मी मन्सूर म्हणेन. पुढचा प्रश्न विचारू नका!

त्यांचं ‘मृत्युंजय’ हे घर आज स्मारक आहे. आणि एक तारीख लिहून ठेवा. सवाई गंधर्व गेले १२ सप्टेंबर १९५२ ला. मन्सूर गेले १२ सप्टेंबर १९९२ ला. तोच दिवस, बरोबर चाळीस वर्षांनी. त्या दिवशी आमच्या घरी एक रेकॉर्ड किराणाची आणि एक जयपूरची लागतेच.

बसवराज राजगुरूंचं गाव? यलिवाळ. तालुका? पुन्हा कुंदगोळ! कुमार गंधर्व? बेळगावजवळचं सुळेभावी. सतार हवी? सताररत्न रहिमत खाँ धारवाडला येऊन स्थायिक झाले आणि नातू बाले खाँपर्यंत तार तुटली नाही. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात अंध पंचाक्षरी गवई आणि त्यांचे अंध शिष्य पुट्टराज गवई यांनी किती मुलांना गाणं शिकवलं असेल! आजचे व्यंकटेश कुमार तिथलेच.

मध्येच ब्रेक. गिरमिट खाल्लंय का? चुरमुरे, कांदा, चिंचगुळाचा मसाला आणि सोबत गरमागरम मिरची भजी. हुबळीत मैफल संपल्यावर गाण्यावरची चर्चा याच पुडीवर चालते. तिखट मतं, तिखट खाणं!

आता रेकॉर्डप्रेमींसाठी खास. जुनी ७८ ची तबकडी कशाची असते, माहीत आहे का? लाखेची! झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी, बांगड्यांसाठी वापरतात तीच लाख. ती जगभर जायची ती मुख्यतः भारतातून. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा परदेशात लोकांकडून जुन्या रेकॉर्ड परत मागवल्या जात होत्या. म्हणजे न्यूयॉर्कमधला जॅझसुद्धा आपल्या रानातल्या लाखेवर वाजत होता!

एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात ख्याल मांडायचा, बढत करायची, तानाही घ्यायच्या. तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवणं येरागबाळ्याचं काम नाही. अब्दुल करीम खाँच्या रेकॉर्ड ऐका, कुठेही कोंबाकोंब नाही.

आणि एच.एम.व्ही.चा तो कुत्रा? नाव निपर. मूळ चित्रात तो एडिसनच्या सिलिंडरवाल्या फोनोग्राफपुढे बसला होता. कंपनीने चित्र घेताना चित्रकाराकडून त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला!

तर मंडळी, आता एक कळकळीची विनंती. हुबळी, धारवाड, बेळगाव, मिरज, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात माळ्यावर, ट्रंकेत, पलंगाखाली अशा तबकड्या अजून पडून आहेत. रद्दीवाल्याला देऊ नका. एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. उन्हापासून लांब ठेवा. धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसा. आणि स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. लेबलवर ‘गांधारी’ दिसलं तर कुठल्याही किमतीला विकू नका. एखाद्या जाणत्याकडे नेऊन आधी ती डिजिटल करून घ्या.