मूत्रपिंडांची परीक्षा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांवर जणू आभाळच फाटले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदीने काठ सोडला, लोहमार्ग पाण्याखाली गेले, आणि कामावरून परतणारे असंख्य लोक कमरेइतक्या पाण्यातून वाट काढीत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडकडे चालत राहिले. काही दिवसांनी पाणी ओसरले. परंतु त्या पाण्याचे काम अद्याप संपलेले नव्हते. पुढील काही आठवड्यांत रुग्णालयांत तापाचे रोगी येऊ लागले. अंग मोडून येणे, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे त्यांच्यांत दिसत. त्यांपैकी अनेकांना झालेल्या रोगाचे नाव होते लेप्टोस्पायरोसिस.

या रोगाची कथा मोठी चमत्कारिक आहे. मळसूत्रासारखे पीळ असलेले त्याचे सूक्ष्म जंतू उंदराच्या मूत्रपिंडांत राहतात. उंदराला त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. त्याच्या मूत्रावाटे मात्र ते बाहेर पडतात आणि साचलेल्या पाण्यात मिसळतात. अशा पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या पायाला लहानसा ओरखडा असला, तरी तेवढे दार त्यांना पुरते. मग रक्तातून प्रवास करीत ते माणसाच्या मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतात. उंदराच्या घरी निमूटपणे राहणारा हा पाहुणा माणसाच्या घरी मात्र नासधूस करतो.

ही नासधूस वेळीच कशी ओळखावयाची? मूत्रपिंडे पाठीच्या बाजूस, कण्याच्या दोन्ही अंगांना खोल दडलेली असतात. प्रत्येक मूत्रपिंड सुमारे मुठीएवढे असून त्याचा आकार घेवड्याच्या बीसारखा असतो. त्यात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली एक लांब नलिका असते. गुच्छातून रक्तातील पाणी व त्यात विरघळलेले पदार्थ गाळले जातात; नलिका त्यांतील उपयुक्त भाग परत रक्तात घेते. दिवसभरात असे सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. पंधरा लिटरच्या बारा बादल्या! त्यातून अखेरीस दीड-दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर पडते. बाकीचे सारे शरीर परत घेते. इतकी काटकसर कोणत्याही गृहिणीला साधणार नाही.

लघवी साफ होत आहे, त्या अर्थी मूत्रपिंडे उत्तम असली पाहिजेत, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. लेप्टोस्पायरोसिसमध्ये तर मूत्रपिंडे बिघडत असतानाही कित्येकदा लघवी भरपूर होते. पाणी बाहेर पडते. पण बाहेर पडावयास हवी ती घाण रक्तातच राहते. म्हणून लघवी किती झाली एवढेच पाहून भागत नाही. रक्तात काय उरले, हे पाहावे लागते.

यासाठी वैद्यांनी जो पदार्थ निवडला, त्याचे नाव क्रिएटिनिन. आपले स्नायू काम करीत असता तो सतत तयार होतो आणि मूत्रपिंडे त्याला सतत बाहेर टाकतात. गाळण्या मंदावल्या की रक्तातील त्याचे प्रमाण चढू लागते. घरातील कचरा रोज तेवढाच निघत असावा, आणि तरीही दाराशी ढीग वाढू लागावा, तर कचरा नेणारा येत नाही हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. प्रथिनांपासून बनणाऱ्या युरियाचेही मापन करतात. पण आहाराने व शरीरातील पाणी कमी झाल्यानेही तो वाढतो, म्हणून त्याची साक्ष थोडी कच्ची ठरते.

१८८६ साली मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञास असे आढळले, की क्षारयुक्त पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन मिसळले असता नारिंगी-तांबडा रंग येतो. रंग जितका गडद, तितके क्रिएटिनिन अधिक. आजही अनेक प्रयोगशाळांत याच तत्त्वाने मापन होते. योगायोग असा, की लेप्टोस्पायरोसिसच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन आडोल्फ वाइल या जर्मन वैद्याने प्रसिद्ध केले, तेही १८८६ सालीच.

परंतु नुसता आकडा वाचून निर्णय करणे धोक्याचे आहे. समजा, पंचवीस वर्षांचा एक धट्टाकट्टा हमाल आणि सत्तर वर्षांची एक कृश आजी, दोघांच्याही रक्तात शंभर मिलिलिटरमागे १.२ मिलिग्रॅम क्रिएटिनिन आढळले. हमालाचे स्नायू मोठे; त्याचा आकडा थोडा चढा असणारच. आजींचे स्नायू क्षीण झालेले. त्यांच्या रक्तात मुळात ते कमी असावयास हवे. म्हणून वय व स्त्री-पुरुष भेद लक्षात घेऊन गणिताने गाळण्याचा वेग काढतात. हल्ली वापरात असलेल्या सूत्राने हमालाचा वेग मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर येतो, तर आजींचा अवघा ४९. कागदावर आकडा एकच. एकाने निश्चिंत असावे, दुसरीची नीट तपासणी व्हावी. शिवाय मूत्रपिंडांची शक्ती जवळजवळ निम्मी खर्च होईपर्यंत हा आकडा मर्यादेच्या आत राहू शकतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

ही उणीव मूत्राची परीक्षा काही अंशी भरून काढते. लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने १८२७ साली मूत्रपिंडांच्या रोगांवरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. चमच्यात मूत्र घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर ते तापवावयाचे, ही त्या काळची परीक्षा. अंड्याचा पांढरा भाग तापवला असता गोठतो, तसा साका त्यात धरला, तर गाळणीतून प्रथिन गळत आहे असे समजावे. आज मेणबत्ती गेली, तत्त्व तेच राहिले. मूत्रातील एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असणे हे ठीक मानतात. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांत हे अल्ब्युमिन क्रिएटिनिन चढण्याच्या कितीतरी आधी वाढलेले आढळते, म्हणून त्यांनी दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी, असे वैद्य सांगतात.

तापाच्या रोग्याच्या बाबतीत मात्र गाळण्याच्या वेगाचे सूत्र उपयोगी पडत नाही. ते स्थिर स्थितीसाठी आहे, आणि येथे तर आकडा दिवसागणिक बदलतो. काल १.४, आज २.६ असे झाले, तर तो चढच वैद्याला सावध करतो. तेव्हा रक्त रोज तपासावे लागते. योग्य प्रतिजैविके, शिरेतून दिलेले द्रव, आणि अगदीच गरज पडली तर काही दिवस यंत्राने रक्तशुद्धी, असे उपचार होतात. वेळीच उपचार झालेल्या बहुतेक रोग्यांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात आणि आकडा उतरतो. तो उतरल्यावरही वैद्य काही काळाने रक्त व मूत्र पुन्हा तपासावयास सांगतात. कारण बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकला, तर तो जुनाट ठरतो आणि त्याची चिकित्साही निराळी होते.