माणसं सुटतात, पिशव्या अडकतात

देशाची सीमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अटारी-वाघा येते: काटेरी तारा, बंदुका, संध्याकाळची ती कवायत. गोरखपूरहून बसने सोनौलीला उतरणारा मराठी माणूस म्हणूनच बावचळतो. इथे रस्त्याकडेला मालट्रकांची न संपणारी रांग असते, सायकलरिक्षा असतात, पैसे बदलून देणाऱ्यांच्या टपऱ्या असतात. समोर एक कमान. तिच्याखालून शाळकरी मुलं, भाजीवाल्या, दुचाकीवर तिघं बसलेलं कुटुंब, सगळे बिनदिक्कत ये-जा करत असतात. कमान ओलांडली की आपण नेपाळातल्या बेलहियात असतो. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. व्हिसा नाही, शिक्का नाही. शिक्का लागतो तो युरोप-अमेरिकेतून आलेल्या पर्यटकाला, आणि त्याचं कार्यालय इतकं साधं दिसतं, की तो बिचारा ते न बघताच पुढे जातो आणि मग परत शोधत येतो.

ही मोकळीक 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारातून आली. 1,751 किलोमीटरच्या या सीमेला उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम अशी पाच राज्यं लागून आहेत. तराईतल्या गावांत सीमेपलीकडे सोयरिक करणं नेहमीचं आहे; रोटीबेटी व्यवहार हा शब्दप्रयोग तिथेही आपल्यासारखाच चालतो. विमानाने जाणाऱ्याने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावं. 15 ते 65 वयाच्या प्रवाशाला विमानतळावर नुसतं आधार कार्ड चालत नाही, आणि हे ऐन वेळी कळून परत फिरणारे दर मोसमात असतात. जमिनीवरून जातानाही हीच कागदपत्रं घेतलेली बरी.

पण करार माणसांच्या येण्याजाण्याचा आहे. पिशवीतल्या वस्तूंना तो लागू नाही. मालाला दोन्ही बाजूंनी कर आहे, बंदी आहे, मर्यादा आहे, आणि ते बघायला दोन्ही बाजूंना माणसं बसलेली आहेत. सोनौलीला किंवा बिहारातल्या रक्सौलला होणारी बहुतेक वादावादी इथूनच सुरू होते. ‘मला अडवलं नाही, मग माझ्या खोक्याला का अडवता?’ हा प्रवाशाचा प्रश्न असतो आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काही अर्थ नसतो.

आपल्याकडचे यात्रेकरू या भानगडीत अधिक सापडतात, त्याला कारण आपली प्रवासाची पद्धत. पशुपतिनाथ-मुक्तिनाथ-लुंबिनी अशी यात्रा काढणाऱ्या मंडळींबरोबर आचारी असतो, शेगडी असते, गॅसचे सिलिंडर असतात आणि बसच्या पोटात महिनाभर पुरेल असा शिधा भरलेला असतो. तूरडाळीचं पोतं, गोडेतेलाचे डबे, चहापूड, साखर, गोडा मसाला. आपल्या लेखी ते घरचं जेवण. नेपाळी अधिकाऱ्याच्या लेखी तो भारतातून आलेला माल. नेपाळच्या सरकारी महसुलात सीमेवर गोळा होणाऱ्या कराचा वाटा फार मोठा आहे आणि बहुतेक माल भारताकडूनच येतो, तेव्हा त्याचं पोत्याकडे लक्ष जाणारच. 2023 मध्ये तर नेपाळने 100 नेपाळी रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या सामानावर कर घेण्याचा नियम कडकपणे राबवायला घेतला. 160 नेपाळी रुपये म्हणजे 100 भारतीय रुपये हा दर 1993 पासून बांधलेला आहे. त्या हिशेबाने ही मर्यादा साधारण साडेबासष्ट रुपयांची झाली. रोख होता तो पलीकडच्या गावांतून किराणा आणि कपडे घ्यायला भारतात येणाऱ्यांवर. रक्सौल-जोगबनीचे दुकानदार आणि तराईतले ग्राहक, दोघेही त्यावर चिडले. यात्रेच्या बसला असा नियम कुठे शब्दशः लागतो तर कुठे नजरेआड होतो. अशा वेळी काय काय आहे ते आधीच सांगून मोकळं व्हावं आणि तांदूळ-पीठ सीमेपलीकडच्या भैरहवात विकत घ्यावं. तिथलं पीठ आपल्यापेक्षा वाईट नसतं.

गाडी घेऊन जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. भन्सार, म्हणजे नेपाळचं सीमाशुल्क, भारतीय नंबराच्या गाडीला दिवसाच्या हिशेबाने भरावं लागतं, आणि वर्षभरात जास्तीत जास्त 30 दिवस खाजगी गाडी तिकडे ठेवता येते. गाडीचं नोंदणीपत्र, चालकाचा परवाना, विमा, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र लागतं. हातात येते ती पावती मात्र नीट वाचायला हवी. तिच्यावरची तारीख विक्रम संवतातली असते. 2082 साल, भदौ महिना, अमुक गते. आपला पुण्याचा किंवा सोलापूरचा चालक ती घडी करून खिशात घालतो आणि मुदत आपल्या कॅलेंडरवर मोजतो. नेपाळी महिना आपल्या महिन्याच्या मध्यावर कुठेतरी पालटतो. पोखऱ्यात दोन दिवस जास्त राहून परतताना दंड भरावा लागला, तर दोष बहुधा या मोजणीचा असतो. पावती हाती येताच मुदतीची शेवटची तारीख इंग्रजी महिन्यात लिहून मागावी. खिडकीपलीकडचा माणूस सहसा लिहून देतो. भन्सारच्या दारातच ‘सगळं करून देतो’ म्हणणारे दलाल घेरतात. अर्ज आणि झेरॉक्स यापलीकडे ते काहीही करत नाहीत.

पैशांचं प्रकरण जरा नाजूक आहे. सीमेवर भारतीय रुपयाला ‘आयसी’ आणि नेपाळी रुपयाला ‘एनसी’ म्हणतात. दुकानदाराने किंमत सांगितली की कुठल्या रुपयात, ते लगेच विचारावं. शंभराची नोट तिकडे आरामात चालते. मोठ्या नोटांचा मामला वेगळा: 2016 च्या नोटाबंदीत नेपाळी बँकांकडे आणि घराघरांत आपल्या जुन्या नोटा अडकून पडल्या, आणि तो सल मनात असतानाच डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी आणली. आपल्या रिझर्व्ह बँकेचा नियम मोठ्या नोटा 25 हजार रुपयांपर्यंत नेऊ देतो. म्हणजे इकडच्या कायद्याने चालतं ते तिकडच्या कायद्याने गुन्हा, अशी अवस्था झाली. हे नियम अधूनमधून सैल होतात, पुन्हा आवळतात; निघायच्या आठवड्यात चौकशी करावी आणि शंभराच्या नोटांचं बंडल तरी जवळ ठेवावंच.

खरी कसोटी परतीला लागते. काठमांडूतल्या ठमेलमध्ये जॅकेटं, ब्लँकेटं, चिनी बनावटीची उपकरणं स्वस्तात मिळाली म्हणून पिशव्या फुगतात. परदेशातून येताना अमुक रकमेपर्यंत सूट असते, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती सूट मुख्यतः विमानाने येणाऱ्यांसाठी आहे, हे ऐकलेलं नसतं. 2016 च्या बॅगेज नियमांत नेपाळ, भूतान आणि म्यानमारमधून येणाऱ्यांना 15 हजार रुपयांची मर्यादा होती, आणि त्यातही जमिनीवरून येणाऱ्याला फक्त वापरातल्या वैयक्तिक वस्तू करमुक्त होत्या. आकडे बदलत राहतात. तेव्हा दुबईहून परतलेल्या मेव्हण्याचा सल्ला सोनौलीत कामाचा नाही. अधिकारी दोन ब्लँकेटांकडे काणाडोळा करतो तो त्याचा समजूतदारपणा, आपला हक्क नव्हे. एकाच रंगाची बारा जॅकेटं दिसली की तो विचारणार, आणि विचारायलाच हवं. व्यापारी माल पर्यटकाच्या बॅगेतून आणणं हा तिथला जुना धंदा आहे. चिनी लसणाच्या आयातीवर 2014 पासून भारतात बंदी आहे आणि तो नेपाळमार्गे चोरून येतो, हे सीमेवरच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

बाटलीबद्दल एक गोष्ट अनेकांना घरी पोहोचेपर्यंत सुचत नाही. बीरगंजहून रक्सौलला उतरलात की बिहार लागतं, आणि बिहारमध्ये एप्रिल 2016 पासून संपूर्ण दारूबंदी आहे. नेपाळात रीतसर विकत घेतलेली, पावती असलेली बाटलीही तिथे तुम्हाला कोठडीपर्यंत नेऊ शकते. पोखऱ्याहून परतणाऱ्याने ही हौस तिकडेच भागवून यावी.

आठवणीच्या वस्तूंमध्येही जोखीम असते. रुद्राक्ष, थांका, साधी पश्मिना यांना सहसा कुणी हात लावत नाही. शाहतूश मात्र वन्यजीव कायद्याखाली येते आणि दुकानदार ‘अस्सल’ म्हणून खुणावत असला तर तिथूनच उठावं. जुनी दिसणारी धातूची मूर्ती घेतली, तर ती शंभर वर्षांपेक्षा जुनी नाही असा नेपाळच्या पुरातत्त्व विभागाचा दाखला दुकानदाराकडून मिळवावा. मूर्ती मुद्दाम धूर देऊन जुनी केलेली असते, हे तुम्हाला आणि दुकानदाराला माहीत असतं, अधिकाऱ्याला नसतं. ड्रोनच्या आयातीवर 2022 पासून आणि ई-सिगारेटवर 2019 पासून आपल्याकडे बंदी आहे. ही दोन्ही मुलांच्या बॅगेत निघतात. उलट दिशेने महागडा कॅमेरा किंवा दागिने नेत असाल, तर निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून नोंद करून घेता येते. परतताना ती वस्तू नवी घेतली नाही, हे सिद्ध करायची पाळी मग येत नाही.

अधिकाऱ्याशी बोलायचं कसं? आधी तो कोण ते पाहावं. सीमेवर गणवेशांची गर्दी असते: सशस्त्र सीमा बल, पोलीस, कस्टम, बिहारात मद्यनिषेध विभाग. 2001 पासून नेपाळ सीमेवर सशस्त्र सीमा बल आहे. त्यांनी पकडलेला माल ते कस्टमच्या हवाली करतात, कर ठरवणं त्यांचं काम नाही. विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगावं. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याने सामानाची माहिती देणं आपल्यावर बंधनकारक आहे. पण त्याच कायद्याने आपल्यालाही काही दिलं आहे. अंगझडती घ्यायची झाली तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करता येते, आणि बाईची झडती बाईच घेते. माल जप्त करायचा तर आपली बाजू सांगण्याची संधी द्यावी लागते, आणि बंदी नसलेल्या मालावर दंड भरून तो सोडवण्याचा पर्याय कायद्यात आहे. ‘पावती द्या’ हे दोन शब्द न चिडता आणि न दमता म्हणत राहावेत. पावती नको, पैसे द्या असं होत असेल तर तो कर नव्हे, आणि बसचा खोळंबा वाचवायला मंडळी वर्गणी काढून ते देतात तेव्हा मागून येणाऱ्या बसचा दरही तिथेच ठरतो.

हे सगळं पर्यटकाचं झालं. पश्चिमेला उत्तराखंडातल्या बनबसापाशी जाऊन पाहावं. दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या दशैंला, मुंबई-पुण्यात रखवालदारी आणि हॉटेलांत कामं करणारी माणसं तिथून गावी परततात. पाठीवर गाठोडं, हातात प्रेशर कुकर, खांद्यावर दोरीने बांधलेला टीव्हीचा खोका. पलीकडच्या गड्डाचौकी नाक्यावर एकच प्रश्न येतो, ‘झोलामा के छ?’ आणि पिशवी टेबलावर उपडी होते. बायकोचं पातळ, मुलाचे बूट, साबणाच्या वड्या. चिंचवडच्या सोसायटीत रात्रपाळ्या करून जमवलेल्या पैशाचा तो टीव्ही, त्याच्यावर भन्सार भरायचा की खोका तिथेच ठेवून जायचं, हे त्याला रांगेत उभ्याउभ्या ठरवायचं असतं. कायदा ब्लँकेटवाल्या पर्यटकाला आणि त्याला एकच आहे. पण पर्यटकाला वाद घालायला वेळ असतो, मोबाइल असतो, ओळखीचा कुणी असतो. याची शेवटची जीप डोंगरात जायला निघालेली असते आणि पावती मागण्यासाठी लागणारी बेफिकिरी त्याच्यापाशी नसते. सीमेवरच्या सुधारणा म्हणून रक्सौल आणि जोगबनीला मोठी एकात्मिक तपासणी नाकी उभी राहिली. ट्रकांची सोय झाली हे चांगलंच. खांद्यावर खोका घेऊन पायी येणाऱ्यासाठी मात्र कुठल्या वस्तूवर किती कर, याचा एक फलक, त्याला वाचता येईल अशा नेपाळीत, टेबलाच्या वर टांगला तरी बरीच घासाघीस वाचेल. तोच फलक आपल्या बाजूला हिंदीत लावला, तर यात्रेच्या बसमधल्या आचाऱ्यालाही आपल्या डाळीच्या पोत्याचं काय होणार ते आधीच कळेल.