कारागिराला इजा झाली तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा



आपल्या धंद्यात पैशाचा हिशेब रोजच्या रोज लिहिला जातो. उधारी, जमा, थानांची संख्या, कटपीसचा तोटा, सारे वहीत सापडते. पण शिलाई मशीनची सुई कारागिराच्या बोटातून आरपार गेली, वेल्डिंगची ठिणगी डोळ्यात उडाली किंवा गोदामात कापडाची गाठ पायावर पडली, तर त्याची एक ओळही कुठे नसते. मालक दवाखान्याचे पैसे देतो, चार दिवस आराम करायला सांगतो आणि विषय तिथेच संपतो. पुढे बोट वाकेनासे झाले की भांडण सुरू होते. कामगार म्हणतो, कामावर लागले. मालक म्हणतो, घरी लागले असेल. लिहिलेले काहीच नसल्याने कामगाराचा हक्क बुडतो, नाहीतर मालकाला एकाच अपघाताचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

शिरूर आणि दौंड हे आता निव्वळ शेतीचे तालुके राहिलेले नाहीत. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि कुरकुंभचे मोठे कारखाने आपण जाणतो. तिथे सुरक्षा अधिकारी असतो, नोंदवही असते. खरी अडचण आपल्यासारख्या लहान धंद्यांची आहे. गॅरेज, फॅब्रिकेशनचे शेड, मोटार बसवलेल्या मशीनवर चालणारे शिलाईकाम, पिठाची गिरणी, दौंड भागातली गुऱ्हाळे. उसाच्या चरकात हात गेला तर तो मोठ्या कारखान्यातल्या हाताइतकाच जातो.

कायदा कोणाला लागू?

कामावरील इजेच्या भरपाईचा कायदा १९२३ चा, १ जुलै १९२४ पासून लागू झालेला. आता त्याच्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. नाव बदलले, गाभा तोच राहिला.

आपल्यात मोठा गैरसमज असा की, "माझ्याकडे दोनच माणसे आहेत, मला कायदा लागत नाही." जिथे वस्तू तयार होते, दुरुस्त होते किंवा तिच्यावर काम होते आणि त्यासाठी वीज किंवा इंजिन वापरले जाते, तिथे एकच कामगार असला तरी भरपाईची जबाबदारी येते. तो रोजंदारीवर आहे किंवा हंगामी आहे, एवढ्यावरून सुटका होत नाही. टेम्पोचा चालकही यात येतो.

दहा किंवा जास्त माणसे असतील तर कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, पाहावी. १ जानेवारी २०१७ पासून तिची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हप्ता पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के ठरला. या योजनेतल्या कामगाराला इलाज मिळतो, आणि कामावरच्या इजेमुळे घरी बसावे लागले तर सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम योजनेकडून मिळते. मग त्याच इजेची वेगळी भरपाई मालकाकडून मागता येत नाही. म्हणून नाव नोंदवण्यात मालकाचाही फायदा आहे.

रक्कम किती?

ईएसआय नसेल तर हिशेब वय आणि पगार यांवर होतो. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के पगार घेतात. ३ जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरला जाऊ लागला.

समजा कारागीर ३० वर्षांचा आहे आणि पगार १२,००० रुपये आहे. या वयाचा आकडा २०७.९८. मृत्यूची भरपाई १२,४७,८८० रुपये होते. पूर्ण अपंगत्वाची १४,९७,४५६. अंगठा गेला तर कायद्याच्या तक्त्यात ३० टक्के नुकसान धरले आहे, म्हणजे सुमारे ४,४९,२३७ रुपये. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा द्यावा लागतो. इजा तात्पुरती असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा देतात. तीन दिवसांत बरी होणारी इजा भरपाईत येत नाही.

तक्त्यातली टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओडिशातला एक सुतार १९६९ मध्ये काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. तो आपला कामगारच नव्हता, ठेकेदार होता, असे मालकाने सांगून पाहिले. ते टिकले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये मान्य केले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही त्याच निकालात सांगितले. हातावर पोट असणाऱ्या प्रत्येक कारागिराने हा निकाल लक्षात ठेवावा.

कामगाराने काय करावे?

इजा झाली की शक्य तितक्या लवकर मालकाला लेखी कळवावे. अर्जाला वकिलाची भाषा लागत नाही. नाव, पत्ता, तारीख आणि काय झाले ते साध्या शब्दांत पुरे. एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर सही घ्यावी. डॉक्टरांना "पडलो" एवढेच न सांगता कुठे, कोणत्या मशीनवर, किती वाजता ते सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. पाहणाऱ्या सोबत्यांची नावे टिपावीत. मालकाने मोफत तपासणीसाठी डॉक्टर दिला तर नकार देऊ नये, त्याने हक्क अडकतो. दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेला कारागीर असेल तर तो किंवा त्याच्या घरचे जिथे राहतात, तिथल्या भरपाई आयुक्तांकडेही दावा करता येतो.

पुरावा नसला की काय होते? १९६१ मध्ये 'द्वारका' जहाजावरचा एक खलाशी समुद्रात नाहीसा झाला. वडिलांनी भरपाई मागितली, मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली. पण मृत्यू कामामुळेच झाला हे दाखवणारे काही नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती काढून घेतली. सिद्ध करण्याचे ओझे मागणाऱ्यावर असते.

मालकाने काय करावे?

एक वेगळी वही ठेवावी आणि छोटी इजाही त्याच दिवशी नोंदवावी. हाजिरीचे आणि पगाराचे रजिस्टर खरे ठेवावे. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास सात दिवसांत अधिकाऱ्यांना लेखी अहवाल पाठवावा. ईएसआय असेल तर त्यांच्या कार्यालयाला अपघाताचा अहवाल ताबडतोब द्यावा.

सर्वांत मोठी चूक घरगुती समझोत्यात होते. कामगार मरण पावतो, चार मोठी माणसे बसतात, रक्कम ठरते, कागदावर अंगठा घेतला जातो. नियत नेक असते, पण कायदा ही भरपाई मानत नाही. मृत्यूची रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते, तेच ती वारसांत वाटतात. जवळ फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल देता येते. हक्क सोडल्याचा कागद रद्दच समजला जातो. इजेबद्दल एकरकमी समझोता झाला तर तोही आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. नाहीतर दिलेले पैसे गेले आणि दावा उभाच राहिला, असे होते. महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि समाधानकारक कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

कामगार दारू प्यायलेला होता किंवा त्याने मुद्दाम मशीनचे संरक्षक कव्हर काढले, ही बाजू मालकाला मांडता येते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाही. आपल्याच जागेत ठेकेदारामार्फत शिलाई करून घेणाऱ्या कापड व्यापाऱ्यावरही जबाबदारी येते. त्याने भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी.

कामगारांच्या भरपाईची पॉलिसी साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. विम्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो मसला ज्याने त्याने जाणकारांना विचारावा. जो विमा घेणार नाही त्याने दरमहा काही रक्कम बाजूला ठेवावी, कारण जबाबदारी तर राहतेच. पॉलिसी असली तरी उशिराचा दंड विमा कंपनी सहसा भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो.

येता-जाता झालेला अपघात

नगर रस्त्याने आणि सोलापूर रस्त्याने पहाटे-रात्री मोटारसायकलवर कामाला जाणारे हजारो आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे ३ च्या पाळीला जाताना रस्त्यावर मरण पावला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले. अपघात कारखान्याबाहेर झाला म्हणून उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला तर घरापासून कामापर्यंतचा प्रवासही नोकरीतच धरला जातो. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. म्हणून पाळीची वेळ रजिस्टरमध्ये लिहिलेली असणे दोघांच्याही कामाचे आहे.

त्या घराला बावीस वर्षे थांबावे लागले. आपल्या शेडमधल्या कोणाच्या घरावर अशी वेळ येऊ नये. भरपाई ही खैरात नाही, कारागिराचा हक्क आहे. मालकाने उद्या दुकान उघडल्यावर शंभर पानी वही आणावी, तिच्यावर 'इजा नोंद' लिहावे आणि ती गल्ल्याशेजारी ठेवावी. कारागिरांनी ती वही मागून घ्यावी.