ओळ कुठे मोडायची?

कविता लिहिणाऱ्या माणसाने संगणकाच्या माहितीपुस्तिकांवर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. पण माझा पुतण्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका तयार करतो. एकदा त्याच्या पडद्याकडे डोकावलो, तर सजवलेले पान नव्हतेच. साधी अक्षरे आणि मध्ये मध्ये खुणा. विचारले, "अरे, पुस्तक कुठे आहे?" म्हणाला, "चाचा, हेच पुस्तक. पान नंतर होतं."

या खुणा सांगतात की अमुक ओळ मथळा आहे, अमुक मजकूर इशारा आहे, आणि अमुक ओळ म्हणजे वापरणाऱ्याने संगणकाला जशीच्या तशी द्यायची आज्ञा. मथळा केवढा, इशाऱ्याला चौकट हवी की नको, हे ठरवतो रूपांतर करणारा प्रोग्राम. म्हणून एकाच मुळातून पडद्यासाठी वेबपान निघते आणि छपाईसाठी पीडीएफही. सॉफ्टवेअर सारखे बदलत असते. दोन वेगळ्या प्रती ठेवल्या, तर एकीत दुरुस्ती होते आणि दुसरी चुकीचेच सांगत राहते.

ही रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली घडत होती. १९७१ साली तिथल्याच पेटंट विभागाचे टंकलेखक तिच्यावर अर्ज तयार करू लागले. पुढे जो ओसाना यांनी छपाईच्या यंत्रासाठी 'ट्रॉफ' हा प्रोग्राम लिहिला. ओळीच्या आरंभी टिंब आणि पुढे एकदोन अक्षरे, की झाली खूण. १९७७ मध्ये डोनाल्ड कनूथ या प्राध्यापकांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहवेनात, म्हणून त्यांनी 'टेक' नावाची अक्षरजुळणी स्वतःच लिहायला घेतली. वर्षभराचे वाटलेले काम दहाएक वर्षे पुरले. मुद्रिते पाहून मीही अनेकदा चिडलो आहे. पण चिडून एवढे काम करणारा माणूस विरळा!

आता खरी अडचण. पडद्यावर "इथे पाहा" या शब्दांवर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. कागदावर बोट ठेवून काय होणार? तिथे "पान ४२ पाहा" असे हवे. पण पाने पडल्याशिवाय आकडा कळत नाही. म्हणून प्रोग्राम आधी सगळे पुस्तक जुळवतो, आकडे टिपून ठेवतो आणि पुन्हा जुळवतो. आकडे घातल्याने एखादी ओळ सरकली, तर तिसऱ्यांदाही.

त्याहून नाजूक गोष्ट आज्ञेची. कागदाची रुंदी ठरलेली, आज्ञा मात्र लांब. ती मध्येच मोडली आणि वाचणाऱ्याला वाटले की इथेच संपली, तर? फाइली पुसण्याची आज्ञा असेल, तर एका कप्प्याऐवजी सगळे घरच पुसले जायचे. 'टेक'ची सवय अशी की लागून आलेल्या दोन आडव्या रेघांची तो एक लांब, देखणी रेघ करतो. गद्यात ती शोभते. पण 'ही आज्ञा आहे' अशी खूण करायला लिहिणारा विसरला, तर आज्ञेतही तेच होते आणि संगणक ती ओळखत नाही. माझ्या एका कवितेच्या दोन ओळी एका अंकात जोडून छापल्या होत्या. मी आठवडाभर धुमसलो, पण कोणाचे काही पुसले गेले नाही.

मराठी पुस्तिकेत आणखी एक गंमत आहे. 'विहीर' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी संगणकात 'व'नंतर साठवली जाते, दिसायला मात्र आधी हवी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला हे ठाऊक नसेल, तर वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. कधी कागदावर सगळे ठीक दिसते, पण पीडीएफमध्ये तोच शब्द शोधू गेलात तर सापडत नाही.

पुतण्याने आता एक शिस्त लावून घेतली आहे. पीडीएफ छपाईला देण्यापूर्वी तो तिच्यातली प्रत्येक आज्ञा तिथूनच उचलतो आणि एका रिकाम्या संगणकावर चालवून पाहतो. मागच्या खेपेला दोन चालल्या नाहीत.