शंकेची खूण करणारी विद्या

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : आर्ट्सला जाऊन पुढे करणार काय? आजवर हा प्रश्न फक्त कला शाखेच्या मुलांना विचारला जायचा. आता तो सगळ्यांनाच विचारावा लागतो आहे. हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या अभियंत्याच्या दिमतीला कोड लिहिणारं यंत्र आलं आहे. पत्र, निबंध, बातमी, कविता, सरकारी अर्ज, काहीही सांगा, ते क्षणात लिहून देतं. मजकूर इतका स्वस्त झाल्यावर माणसाकडे उरतं ते निवाड्याचं काम. हा मजकूर खरा आहे का? कुणाच्या भरवशावर खरा मानायचा? त्यातून कुणाचं भलं होणार आणि कुणाचं नुकसान? तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास आणि भाषाशास्त्र या विद्या शतकानुशतकं हेच काम करत आल्या आहेत.

तंत्रज्ञानाच्या मोठ्या संस्थांनी हे केव्हाच ओळखलं. अमेरिकेतल्या एमआयटीत कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रांतले आठ विषय पूर्ण करावे लागतात. आपल्या आयआयटींमध्ये आणि पाषाणच्या आयसरमध्येही मानव्यविद्या शिकवल्या जातात. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे साध्या महाविद्यालयांतही वाट मोकळी झाली आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या रचनेत ‘ओपन इलेक्टिव्ह’ आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. म्हणजे संगणकशास्त्राची विद्यार्थिनी तत्त्वज्ञान घेऊ शकते आणि मराठी साहित्याचा विद्यार्थी डेटा सायन्सची तोंडओळख करून घेऊ शकतो. प्रश्न आहे तो या तासांना शिकवायचं काय, हा. त्याचं उत्तर शोधायला पुणेकरांना फार लांब जावं लागणार नाही.

एका श्लोकाची उलटतपासणी

लॉ कॉलेज रस्त्यावरची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झाली. दोनच वर्षांत तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. सुकथनकर आधी केंब्रिजला गणित शिकले होते आणि मग बर्लिनला जाऊन प्राच्यविद्येकडे वळले. गणिती शिस्त आणि भाषेचा कान, दोन्ही त्यांच्यापाशी होतं. त्यांच्या हयातीत काम पुरं झालं नाही. ते १९४३मध्ये गेले आणि मुख्य संहिता १९६६मध्ये पूर्ण झाली. तोवर १,२५९ हस्तलिखितं पडताळून झाली होती.

कामाची पद्धत बारकाईनं पाहण्यासारखी आहे. श्लोकाची एक ओळ चौकटी आखलेल्या कागदावर घ्यायची, एका चौकटीत एक अक्षर. त्याखाली एकेका हस्तलिखिताचा पाठ, जिथे फरक असेल त्याच चौकटीत भरायचा. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्या वाचणारे शास्त्री हे तक्ते वर्षानुवर्षं भरत होते. तक्ता भरला की खरी परीक्षा सुरू होई : कुठला पाठ घ्यायचा?

इथे बहुमत चालत नाही. एका चुकलेल्या पोथीवरून शंभर नकला झाल्या, तरी ती साक्ष एकाचीच. उलट काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी, एकमेकींचा वारा न लागलेल्या या दोघी एकच पाठ सांगत असतील, तर त्या पाठाचं वजन मोठं. या कसोटीवर लाडक्या कथाही सुटल्या नाहीत. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं ही गोष्ट मूळ संहितेत टिकली नाही, ती परिशिष्टात गेली. गणेशोत्सवाच्या या शहरात बसून संपादकांनी तो निर्णय घेतला आणि कारणांसह छापला. नाकारलेले पाठही फेकून दिले नाहीत. प्रत्येक पानाच्या तळाशी ते मांडले, म्हणजे वाचकाला संपादकाचा निवाडा तपासता यावा. आणि स्वीकारलेल्या पाठाबद्दल पुरती खात्री नसेल, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली.

ही रेघ मला या सगळ्या खटाटोपाचं सार वाटते. आपल्याला किती कळलं आणि कुठून पुढे कळलं नाही, हे वाचकाला उघड सांगायचं, हा तिचा अर्थ.

आता यंत्राकडे पाहू. आजची भाषिक प्रारूपं अफाट मजकुरातून शिकतात. एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत ती वाक्य पुढे नेतात. नंतर माणसांच्या अभिप्रायावरून त्यांना वळण लावलं जातं, पण पाया शक्यतेचाच राहतो. जी चूक हजार संकेतस्थळांनी एकमेकांवरून उतरवली, तिचा ठसा यंत्रावर खोल उमटू शकतो. खरी गोष्ट आणि रचलेली गोष्ट ते एकाच ठाम सुरात सांगू शकतं.

म्हणून ‘ओपन इलेक्टिव्ह’च्या तासांसाठी आखायच्या अभ्यासक्रमाचा पहिला स्वाध्याय असा असावा. शनिवारवाड्याला १८२८मध्ये लागलेल्या आगीबद्दल यंत्राला वेगवेगळ्या शब्दांत, मराठीत आणि इंग्रजीत, पुनःपुन्हा विचारायचं. आलेल्या उत्तरांचा भांडारकरच्या धर्तीवर तक्ता करायचा. कुठे उत्तरं जुळतात, कुठे फाटतात, जुळणाऱ्या उत्तरांचा उगम एकच तर नाही, हे शोधायचं. शेवटी विद्यार्थ्यानं स्वतःचा पाठ लिहायचा आणि शंका असेल तिथे नागमोडी रेघ ओढायची.

विश्वास कुणावर ठेवायचा?

त्या तक्त्यातून तत्त्वज्ञानाचा प्रश्न आपोआप पुढे येतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान हे ज्ञान असतं का? न्यायदर्शनानं शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण ते आप्ताचं असलं तरच. भाष्यकार वात्स्यायनाच्या लेखी आप्त म्हणजे ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. ही व्याख्या ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू पडते, हेही त्यानं नोंदवलं. जात-कूळ पाहायचं नाही, जाणणं आणि प्रामाणिकपणा पाहायचा. या कसोटीवर भाषिक प्रारूपाला उभं केलं तर वर्गात खडाजंगी होईल. त्यानं काही स्वतः जाणलं आहे का? सांगण्यामागे त्याची काही इच्छा असते का? नसेल, तर त्याच्या उत्तराची जबाबदारी कुणाची? चार्वाक तर प्रत्यक्षापुढे जायलाच तयार नाहीत. मग न पाहिलेल्या गोष्टींबद्दल आपण गप्पच बसायचं का?

या चर्चेसाठी मराठीत साधनं आहेत. पुण्यात दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ १९७४मध्येच तयार झाला. विंदा करंदीकरांनी ‘अष्टदर्शने’मध्ये देकार्तपासून चार्वाकापर्यंत आठ दर्शनं मराठी कवितेत आणली. तत्त्वज्ञान आणि साहित्य यांच्यात भिंत नाही, हे दाखवायला त्याहून चांगलं पुस्तक सापडणं कठीण.

साहित्याचं काम यापुढचं आहे. निर्णयाचे परिणाम माणसाच्या आयुष्यात कसे उतरतात, ते साहित्य आधीच जगून दाखवतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८मध्ये ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली. चार्ल्स कोरिआंनी रचलेल्या तिच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. ती उभारणारे जयंत नारळीकर आकाशाचं गणित मांडता मांडता मराठीत विज्ञानकथाही लिहीत होते. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत त्यांनी बुद्धिमान यंत्रमानव उभा केला, आणि निर्मात्यांनी यंत्राच्या हाती किती सोपवावं हा प्रश्नही. तीन पावलांचं दान देणाऱ्या बळीची कथा ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला या नावातला इशारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मे २०२५मध्ये नारळीकर गेले. त्यांचं हे पुस्तक संगणकशास्त्राच्या वर्गात नेमलं जावं, ही त्यांना योग्य आदरांजली होईल.

छंदाकडून अभ्यासक्रमाकडे

विद्यांची अशी सांगड पुण्याला नवी नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. त्यांनी प्राचीन नाणी तोलून त्यांच्या झिजेचं संख्याशास्त्र मांडलं, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि पुण्याभोवतीचे डोंगर पालथे घालून अश्मयुगीन हत्यारं गोळा केली. मात्र कोसंबी, सुकथनकर, नारळीकर ही थोर माणसं स्वतःच्या बळावर भिंती ओलांडून गेली. सामान्य विद्यार्थ्याला भिंतीतलं दार संस्थेनं करून द्यावं लागतं.

सध्या अशी दारं मुख्यतः शहराबाहेरच्या खासगी विद्यापीठांत आहेत, इंग्रजीत आहेत आणि त्यांची फी सामान्य घराला झेपणारी नाही. पुणे विद्यापीठाचं क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत पसरलं आहे. जुन्नर, अकोले, सुरगाणा इथल्या महाविद्यालयांत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना हा विषय मिळाला नाही, तर उद्याच्या यंत्रांबद्दलचे निर्णय त्यांच्यासाठी दुसरेच घेतील. त्यांच्या बोलीही त्या यंत्रांच्या बाहेर राहतील, कारण यंत्र शिकतं ते लिहून ठेवलेल्या, संगणकावर आलेल्या मजकुरातून. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि संगणकावर भारतीय लिप्या आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे. लिपी आली. आता अहिराणी ओवी, मावळातल्या म्हणी, आदिवासी बोलींतल्या कथा नेटक्या संपादित करून तिथे पोहोचवायला हव्यात. भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी हे खरंखुरं काम आहे.

यासाठी नवी इमारत लागत नाही. एक श्रेयांक-अभ्यासक्रम पुरे. त्याला दोन शिक्षक हवेत, एक तत्त्वज्ञान किंवा साहित्याचा आणि एक संगणकाचा, आणि दोघांनी एकाच वर्गात, एकाच वेळी उभं राहायला हवं. दोघंही तासिका तत्त्वावर राबवलेले नकोत, पूर्णवेळ हवेत. पाठ्यपुस्तक मराठीत हवं. परीक्षेत पाठांतराऐवजी भरलेला तक्ता आणि त्यामागची कारणं तपासावीत. अभ्यासमंडळांनी मनावर घेतलं तर येत्या शैक्षणिक वर्षात हे सुरू करता येईल. आणि मग बारावीनंतरच्या त्या प्रश्नाला पालकांनी सरळ उत्तर द्यावं : आर्ट्सला जाऊन आमची मुलगी खऱ्या-खोट्याचा निवाडा करायला शिकणार आहे, आणि त्याची गरज यंत्र बनवणाऱ्यांना सगळ्यांत जास्त आहे.