घाटाखालचा टिटवाळा : पाऊस उदंड, ऊस नाही

संकष्टीला, अंगारकीला आपल्या मुळा-प्रवरेच्या पट्ट्यातून टिटवाळ्याच्या महागणपतीला जाणारी मंडळी पुष्कळ. दर्शन झाले की सगळे परतीच्या गाडीमागे धावतात. तो मुलूख कुणी बघत नाही. शेतकऱ्याने तो जरूर बघावा, म्हणून ही माहिती देत आहोत.

कल्याण-कसारा रेल्वेमार्गावर कल्याणच्या पुढचे तिसरे स्टेशन टिटवाळा. गावाजवळून काळू नदी वाहते. ती येते माळशेजच्या डोंगरातून. त्याच रांगेत हरिश्चंद्रगडाच्या उगवतीच्या अंगाला आपली मुळा निघते. डोंगराच्या धारेवर पडलेला पाऊस असा दोन वाटांनी फुटतो. मुळेचे पाणी प्रवरेतून गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागरात जाते. काळूचे मात्र उल्हास नदीतून वसईच्या खाडीत, चार पावलांवरच संपते म्हणा ना!

त्या भागात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे ५०० च्या आसपास. मग तिथे ऊस का नाही? पाऊस सगळा जून ते सप्टेंबरात. खालच्या खाचरात तेव्हा गुडघाभर पाणी, वरकस जमीन मुरमाड, उताराची. आणि ऊस तर बारा महिने पाणी मागणार. म्हणून तिथे राब भाजायचा, भाताची लावणी करायची, कापणीनंतरच्या ओलीवर वाल घ्यायचा. आपला ऊस तरी पावसावर कुठे उभा आहे? १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण आणि नंतरचे मुळा धरण नसते, तर आपल्याकडे बाजरीच असती.

धरणे तिकडेही आहेत. शेजारच्या शहापूर तालुक्यात १८९२ चा तानसा तलाव आहे, भातसा धरण आहे. पण त्यांचे पाणी मुख्यतः मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आम्हाला हे फार खटकते.

टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे. स्टेशनालगतची खाचरे भराव घालून बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. शेती बघायची तर गाडीने पुढे खडवली-वासिंदकडे जावे, आणि तेही जुलैत, लावणीच्या दिवसांत.